उन्हातला मुऱ्हाळी

मे महिन्याच्या भर दुपारी स्वखुशीने प्रवासाला निघणारा माणूस सगळ्या खानदेशात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीचा निघावा हे माझं नशीब. माझी बायको त्यांना आबा म्हणते. ते तिचे वडील नव्हेत, काका नव्हेत, मामाही नव्हेत. शिंदखेड्याजवळच्या तिच्या गावी, तिच्या आईच्या घराला लागून त्यांचं घर, एवढंच नातं. पण हिला भाऊ नाही, वडील लवकर गेले, म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला तिला माहेरी न्यायला दरवर्षी तेच मुऱ्हाळी होऊन जळगावला येतात. कोणी सांगितलेलं नाही. त्यांनी आपलं आपण ठरवून टाकलंय.

जळगावच्या मेहरूण भागात आमच्या दारात ते पोचतात तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. डोक्याला ओला पंचा, बगलेत छत्री, सदऱ्याच्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा आमच्याकडे सगळेच ठेवतात, पण आबा त्याचा तापमापक करतात. उंबऱ्याबाहेर उभे राहून आधी बायकोला म्हणणार, "माय, मी तुले लेवाले उनू." न्यायला आलो हे असं सांगितल्याशिवाय चपला काढत नाहीत. मग गूळ-पाणी घेतात, कांदा काढून अंगठ्याने दाबून बघतात आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहतात. "जवाईबापू, कांदा अजून कडक शे. हाई काय ऊन शे? आम्ना गावले या." मी एकदा मोबाइलमधला आकडा दाखवला, तर म्हणाले, "मोबाइल सावलीत बसस. त्याले काय समजस?"

घरात आले तरी कूलरसमोर बसायचं नाही, कारण त्याने म्हणे अंग धरतं. फ्रिजचं पाणी तर त्यांना विषासारखं. आमच्याकडे माठ आहे तो वर्षातून त्या एका दिवसासाठी, आणि तो कुठे ठेवावा, फडकं कोणतं गुंडाळावं याच्या सूचना फोनवर आठवडाभर आधी सुरू होतात.

पण खरा कहर बसमध्ये. एका वर्षी हौसेने मीही त्यांच्याबरोबर निघालो. कोणत्या बाजूला ऊन येणार याचा हिशेब आबांनी स्टँडवरच मांडला. पारोळ्यापर्यंत डावीकडे बसायचं, पुढे उजवीकडे. पारोळ्याला त्यांनी उजवीकडची तीन माणसं गोड बोलून उठवली आणि आम्हाला तिथे बसवलं. कंडक्टर आधी हसला, मग चिडला, मग त्याने हात जोडले. सूर्य या सगळ्या वेळात बरोबर टपावर होता. डावी काय नि उजवी काय, सगळी बस सारखीच भाजत होती. आबा मात्र समाधानाने म्हणाले, "पाहा, बठ्ठी सावलीच सावली."

यंदा आखाजी तोंडावर आली आणि सासूबाईंचा फोन आला. मागच्या महिन्यात आबांना शेतात चक्कर आली होती, डॉक्टरांनी उन्हात प्रवास बंद केला होता. मी मनात म्हटलं, सुटलो. गाडी आहे, एसी आहे, तीन तासांत पोचू. बायको मात्र बॅग उघडी टाकून बसून राहिली. "न्यायला कोणी आलं नाही तर ते माहेर कसलं? नुसती फेरी झाली," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. शेवटी आई वाट पाहतेय म्हणून निघाली, पण वाटभर खिडकीकडे तोंड करून बसली. गाडीत गारवा होता आणि मला घाम फुटला होता.

गावच्या फाट्यावर वळलो आणि ती एकदम म्हणाली, "थांबवा." निंबाच्या झाडाखाली आबा उभे होते. ओला पंचा, छत्री, सगळा थाट. मी खाली उतरून रागावलोच, "आबा, डॉक्टरांनी नाही म्हटलंय ना?"

"जळगावले नका जाऊ म्हने. फाटानं नाव त्यानी लिधं नाही."

मग माझ्याकडे पाठ करून, आमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहावं तसे सरळ उभे राहून ते तिला म्हणाले, "माय, मी तुले लेवाले उनू."

ती पाया पडली. गूळ कुठून आणणार? तिने गाडीतली बाटली पुढे केली, बर्फासारखी गार. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. आबांनी ती घटाघटा पिऊन रिकामी केली. खिशातून कांदा काढून दाबला, तर अंगठा आत गेला. सकाळपासून उभे होते म्हातारबुवा. "आज पडनं बरं ऊन," एवढंच म्हणाले आणि कांदा झाडाच्या बुंध्याशी टाकून दिला.

गाव तिथून दिसतं एवढं जवळ. मी म्हटलं, बसा गाडीत. पण ते दोघं पायीच निघाले, ती पुढे झाली तर मुऱ्हाळी कसला म्हणून आबा दोन पावलं पुढे. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून मागे रिकामी चालवत होतो. थोडं पुढे गेल्यावर हिने त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली आणि मागून त्यांच्या डोक्यावर धरली. दरवर्षी ते छत्री तिच्यावर धरत आले होते.