चहा गरम कधी म्हणायचा?

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं, तेव्हा केळव्याच्या वाडीत माडांना पाणी सोडता सोडता बाबा म्हणाले, "त्याची नोकरी कुठं मिलते?" मला माहीत नव्हतं. पालघरच्या कॉलेजात त्या वर्गात आम्ही तिघंच होतो. आमच्या सरांनाही ते माहीत नसावं.

शेवटी बोईसरच्या एका लहानशा रंगाच्या कारखान्यात कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "तत्त्वज्ञान? इथे त्याचा उपयोग काय?"

"उपयोग म्हणजे नेमकं काय, साहेब?" मी विचारलं. उद्धटपणा नव्हता, घाबरले होते, वेळ काढत होते. साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "टायपिंग येतं ना?" येत होतं. सहा महिन्यांच्या बोलीवर मला घेतलं.

दुसऱ्याच महिन्यात चहावरून भांडण पेटलं. कामगार म्हणत, चहा थंडगार येतो. कँटीनवाले काका म्हणत, उकळता देतो. दोन दिवस कामगारांनी चहाला हातच लावला नाही. साहेब वैतागून मला म्हणाले, "जा, चालवा तुमचं तत्त्वज्ञान."

मी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं. "चहा गरम आहे, असं कधी म्हणायचं? किटलीत असताना, की ओठाला लागताना?"

"मॅडम, किटली हम थोडे ही पीते हैं," एक कामगार म्हणाला.

"आमी देतो तवा गरमच हाय!" काका उसळले.

म्हणजे दोघंही खरं बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी किटलीच्या मागोमाग निघाले. ती आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेली, मग ऑफिसात, गोदामात, गेटवर आणि पाऊण तासाने कामगारांच्या शेडमध्ये. त्याच्या पुढच्या दिवशी मी क्रम उलटा करून दिला. शेडमध्ये टाळ्या पडल्या.

पाऊण तासाने साहेबांनी बोलावलं. कपातल्या चहावर साय धरली होती. "हा काय प्रकार आहे?"

"किटलीत गरम होता, साहेब."

ते एकदम हसत सुटले. त्याच आठवड्यात दुसरी किटली आली आणि सहा महिने भरल्यावर मला कायम केलं.

पुढे कारखान्यातली सगळी भांडणं माझ्या टेबलावर यायला लागली. पहिले आले दोन फिटर. पंख्याचं तोंड कुणाकडे असावं, यावरून ते आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. मी दोघांना समोरासमोर खुर्च्या दिल्या.