आई बरी होईस्तोवर

मुलं नोकरीसाठी नागपूरला गेली आणि गडचिरोलीच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी निवृत्त अंगणवाडी सेविका, हे निवृत्त एसटी ड्रायव्हर. अडचणीतलं एखादं लेकरू काही दिवस सांभाळावं, ही कल्पना माझी. बालसंरक्षण कक्षाच्या मॅडम घर पाहून गेल्या, शेजारीपाजारी चौकशी झाली. मॅडमनी बजावलं, "हे दत्तक नाही. घरची अडचण संपली की लेकरू परत जाईल."

"मॅडम, प्याशिंजर घरी ठेवून घ्याची सवय नाई मले," हे म्हणाले.

मग सिरोंचाकडची सहा वर्षांची मुलगी आली. वडील नव्हते, आईचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं, जवळचं कोणी नाही. पोरीला तेलुगू येई, मराठी जेमतेम. ह्यांची छाती फुगली. "मी सिरोंचा लाईनवर होतो. मले येते तेलुगू."

पोर पिशवी कवटाळून पलंगावर बसली होती. हे तिच्यापुढे वाकून मोठ्या प्रेमानं म्हणाले, "दिगंडि!"

ती मुकाट्यानं उतरली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. 'उतरा' एवढा एकच शब्द ह्यांना येत होता.

"काऊन हाकलून राह्यले लेकराले?" मी ओरडले. हे इतके ओशाळले की स्वतःच खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले आणि छातीवर बोट ठेवून म्हणाले, "दिगंडि." तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

अधूनमधून कक्षाच्या कार्यालयात मायलेकींची भेट व्हायची. पहिल्या भेटीनंतर पोर जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "रडू द्या. जवळ बसा. आईला विसरवायचं नाही आपल्याला." मला ते जड गेलं. पोरीनं आपल्यालाच बिलगावं, ही हौस मलाही होतीच की.

ह्यांनी मात्र पोरीकडे तेलुगूची शिकवणी लावली. पुढच्या भेटीसाठी खास एक वाक्य घोकलं. 'तुमची लेक खुशाल आहे', असा त्याचा अर्थ, असं आमच्या सहा वर्षांच्या बाईसाहेबांनी सांगितलेलं. आई समोर येताच ह्यांनी हात जोडून खणखणीत आवाजात म्हटलं, "नेनु गाडिदनि!"

आईनं पदर तोंडाला लावला. टाक्यांवर हात दाबून ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लेक खुर्चीमागे लपली. मॅडमनी अर्थ विचारून घेतला आणि मला सांगितला: मी गाढव आहे.

"मी तर हे लग्नापासून जाणते," मी म्हटलं.

आई सावरली, कामाला लागली. मॅडम तिचं घर पाहून आल्या आणि बालकल्याण समितीनं मुलीला परत पाठवायचं ठरवलं. मॅडमसोबत आम्हीही पोचवायला गेलो. ह्यांनी वाटभर कक्षाच्या गाडीच्या ड्रायव्हरला सूचना दिल्या. त्यानं आदरानं एकही ऐकली नाही.

घर दिसताच पोर पळत सुटली. "मागं वळूनबी पाह्यलं नाई," हे पुटपुटले.

"यासाठीच तं सांभाळलं ना आपण?" मी म्हटलं आणि गाडीत राहिलेली तिची पिशवी उचलायला वळले.

आईनं गोदावरीच्या मासळीचं जेवण केलं होतं. जेवताना पोर ह्यांच्या शेजारी येऊन बसली. एकेक काटा काढून मासळी ह्यांच्या ताटात ठेवू लागली आणि घास नीट चावला की नाही, हेही बघू लागली. मी समोरच बसले होते. माझ्या काट्यांचं कोणी विचारलं नाही.