नेम मी मोडला होता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला. कारण पहिल्या ओळीपासून मी माझ्या दुखण्याबद्दलच लिहीत सुटलो, आणि दुखण्याबद्दल वाचलं की माणसाला दया येते. मला ती नको आहे. दुखणं माझं होतं हे खरं – पण ते भोगलं गौरानं. गौरा माझी बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. सत्तरच्या दशकातलं सोलापूर. सुताच्या एका दुकानात कारकून होतो, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरायचो. आम्ही त्याला काठीच म्हणतो. दोन मजली घराहून उंच असा तो सजवलेला खांब कमरेच्या पट्ट्यात रोवून एकट्यानं तोलत चालायचं. त्यासाठी दिवाळीनंतर रोज पहाटे वजन बांधलेल्या काठीवर सराव चाले. आमच्या घरात वडिलांपासून एक नेम होता – सराव सुरू झाला की यात्रा संपेपर्यंत काठी धरणाऱ्यानं बायकोपासून दूर राहायचं. बाकीच्यांच्या घरी काय होतं, मला ठाऊक नाही. आमच्याकडे एवढंच होतं, आणि अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, त्यावर बारीक लक्ष असे.

माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. गौरा अक्कलकोटकडची, एकोणीस वर्षांची. घरी कानडी बोलायची, माझ्याशी मोडकं मराठी, आणि मला हाक मारायची ती ‘री’ म्हणून, म्हणजे आपलं ‘अहो’. आता तुम्हीच सांगा – आठ महिन्यांचं लग्न, दोन खोल्यांचं घर, आणि दोन-अडीच महिने नुसतं एकमेकांकडे बघत राहायचं?

एका रविवारी दुपारी अव्वा बाजारात गेली. गौरा शेंगा निवडत बसली होती. मी दार लावलं. ती म्हणाली, “नको री. नेम हाय की.” मी हसण्यावारी नेलं. ती पुन्हा नको म्हणाली. मी ऐकलं नाही. तिच्यावर बळजोरी केली, असं तेव्हा मला कुणी म्हटलं असतं तर मी भांडायला उठलो असतो. आज दुसरा शब्द सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरावाला गेलो. काठी उचलली आणि खाली, डाव्या बाजूला, असं काही दुखलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. उलटी झाली. मित्रांनी धरून घरी आणलं. कुठे दुखतंय, अव्वानं विचारलं. मी म्हणालो – पोटात. आईला ती जागा कशी सांगायची? तिनं पोटाला एरंडेल चोळलं, वीट तापवून शेक दिला. मी दात आवळून पडून राहिलो. एकदा गौरानं कानाशी येऊन विचारलं, “खरं कुटं दुखतंय री?” मी तिच्यावर खेकसलो. असे दहा-बारा तास गेले. संध्याकाळी सरकारी दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. सुताच्या दुकानातला म्हणून माझ्याच भाषेत सांगितलं – सुताला पीळ बसावा तसा आतल्या शिरेला पीळ बसतो, रक्त थांबतं, आणि गोळी काळी पडते. डावं वृषण काढावं लागलं होतं. उजव्याला पीळ बसू नये म्हणून टाका घालून ते जागेवर बसवलं होतं. मी विचारलं, कशानं झालं? ते म्हणाले, काही जणांची जन्मापासून ठेवणच तशी असते, झोपेतसुद्धा होतं. मी आवाज खाली आणून विचारलं, आदल्या दिवशी बायकोजवळ गेलो होतो – त्यानं? ते हसले. “छे हो. तिचा काय संबंध? पहिल्या चार तासांत आला असता, तर दोन्ही घेऊन घरी गेला असता. एकावरही सगळं नीट चालतं. दीड महिना जड उचलू नका, दीड महिना बायकोपासून लांब राहा. मग काळजीचं कारण नाही.”

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

त्याच दिवशी अव्वा खाटेशी येऊन बसली. तिची शंका पक्की होती. “शिवा, खरं सांग. नेम मोडला व्हय?” खोटं बोलायची गरजही नव्हती, गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, “मी नको म्हणत होतो. तिनंच ऐकलं नाही.”

एवढंच. एका दमात म्हणून टाकलं. का म्हणालो? आईच्या नजरेतून उतरू नये म्हणून. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, पण सापडलं नाही.

गौराला माहेरी पाठवलं. लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत – ती तिनं बापाच्या घरी मान खाली घालून काढली. तिनं घरी खरं सांगितलं नसेल का? सांगितलं असेल. पण जावयाच्या शब्दापुढे तिचं कोण ऐकणार? माझा सासरा ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून भेटायला आला, आणि अव्वासमोर हात जोडून मला म्हणाला, “पोर लहान हाय जावईबापू. चुकली. पदरात घ्या.” माझ्या दुप्पट वयाचा माणूस. मी भाकऱ्या घेतल्या.

माघात ती परत आली. दीड महिना उलटून गेला होता. आणि इथून घरात रोजची चिडचिड सुरू झाली.

जखम भरली होती. पण मी तिच्याजवळ गेलो की टाका ओढल्यासारखं वाटे आणि अंग गार पडे. एक गेलं, आता मी पुरता पुरुष उरलो का – हे डोक्यातून जाईना. पण माझ्या भीतीपेक्षा वाईट तिची भीती होती. मी हात लावला की ती अंग आक्रसून घ्यायची. “नको री. परत तुमाला काय झालं तर?” जिनं त्या दुपारी दोनदा नको म्हटलं होतं, तिलाही एव्हाना पटलं होतं की दोष तिचाच. घरात रोज तेच ऐकून पटलं होतं. मी भिंतीकडे तोंड करायचो, ती डोळे पुसायची. महिना गेला, दोन महिने गेले. मी डबा आपटायचो, दुकानात गिऱ्हाइकांवर ओरडायचो. काठीवरचे मित्र भेटले की विचारायचे, “काय बे, अजून फिट नाहीस व्हय? का वहिनी सोडंना?” आणि हसायचे. मीही हसायचो. घरी येऊन तिच्यावर राग काढायचो.

माझ्या हातात उपाय होता की नाही? एक वाक्य. ‘गौरा, तुझ्यामुळं काही झालं नव्हतं.’ तेवढ्यानं तिची भीती गेली असती, कदाचित माझीही. शेवटी पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, शरीर ठणठणीत आहे, मनात काय घेतलंय? बायकोला घेऊन या, दोघांना एकत्र समजावतो. मी हो म्हणालो. पण तिला नेऊन कसं चालणार? तिच्यासमोर ते पुन्हा ‘तिचा काय संबंध’ म्हणाले असते. घरी येऊन सांगितलं, डॉक्टर म्हणाले वेळ लागेल.

वाट काढली ती तिनंच. कुणीतरी सोळा सोमवार सांगितले. तिनं ते कडक धरले, पाण्यावर. सोळावा झाला आणि ती आपण होऊन जवळ आली – न घाबरता. तिला बघून माझीही भीती सुटली. सगळं नीट झालं. तिला वाटलं, उपासानं दोष फिटला. मी काय केलं? सुटलो बुवा, असं मनात म्हटलं आणि झोपलो.

आम्हाला दोन मुलं झाली. नंतर आम्ही बरा संसार केला, लोक तर चांगला म्हणतात. पण मी जवळ गेलो की ती आधी सिद्धेश्वराच्या देवळाच्या दिशेनं हात जोडायची. दर वेळी. तिशीत, चाळिशीतही. मी ते बघायचो आणि थांबायचो – तिचं हात जोडून होईपर्यंत. सोमवारही तिनं सोडले नाहीत. म्हातारपणी औषधाच्या गोळ्या सुरू झाल्यावर डॉक्टरनं उपास बंद करायला सांगितला, तेव्हा ती सुनेला म्हणाली, “माझ्या हातनं लई मोठी चूक झाल्ती, ते न्हाय सोडता यायचं.” कसली चूक, सुनेनं मला विचारलं. मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

अव्वा वारली तेव्हा वाटलं, आता सांगावं. आता कुणाच्या नजरेतून उतरायचं होतं? तरी सांगितलं नाही. सासरा गेला. तरीही नाही. इतकी वर्षं गप्प राहिलो हे तरी तिला कसं सांगायचं – असं म्हणत आणखी वर्षं घालवली.

शेवटच्या आठवड्यात ती घरीच होती. सकाळची वेळ, मी तिला चमच्यानं पेज भरवत होतो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “त्या वेळी माझ्यामुळं तुमचं शरीर तुटलं. मनात ठिवू नका री. माफ करा.”

ते एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पन्नास वर्षं तयार होतं. मुलगी दाराशी उभी होती. गौरा माझ्याकडे बघत वाट पाहत होती.

मी म्हणालो, “असू दे. केलं माफ.”