तेराव्याच्या आत

नव्वदच्या दशकात श्रीलंकेत यादवी पेटली होती, तेव्हा वर्षभर मी तिथं होते. काम विचाराल तर सोबत करायचं. एका बाईचा मुलगा लष्करानं उचलून नेला होता. दर सोमवारी ती छावणीच्या फाटकावर जाऊन त्याची चौकशी करायची, आणि तिला धमक्या यायच्या. बाहेरदेशीचं माणूस शेजारी असलं की तिला हात लावायला शिपाई कचरायचे. म्हणून मी शेजारी उभी.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटेना. त्यांची उभी हयात इंदापूरच्या माळावर मेंढरांमागं गेलेली.

"हातात काठीबी न्हाय? मग लांडगं काय तुझं त्वांड बघून पळत्यात व्हय?"

"कुणी बघतंय म्हटलं की बिचकत्यात, आबा."

"लई शानी हायीस!" म्हणून हसले होते.

पुढं आबा गेल्याची तार आली. निघताना मी त्या बाईला बजावलं, एक सोमवार चुकू दे, दुसऱ्याला मी हजर आहे, तोवर एकटी जाऊ नका. माझ्या जागी उभं राहायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

आबा गेल्याच्या आठव्या दिवशी मी गावाहून परत जायला निघाले. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला असलेला भाऊ मला भिगवण स्टेशनवर सोडणार होता. मोटरसायकल चालू झाली, तेवढ्यात आई दारात आली.

"तेराव्याच्या आत लेक उंबरा वलांडती का कुठं? लोक श्याण घालतील तोंडात."

मी पिशवी खाली ठेवली.

तेराव्याचं गोडाचं जेवण झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्या बाईच्या शेजाऱ्यांची तार आली. माझी वाट बघून ती बाई सोमवारी एकटीच फाटकावर गेली होती. परत आली नव्हती.

आईनं तार दोनदा वाचून घेतली. भवानीनगरहून भेटायला आलेल्या बायकांना रडत सांगू लागली, "पोरगी निगाली हुती वं. म्याच आडवली. माझ्यापायी गेली ती बाय."

खोटं कशाला बोलू? आई एकदाच बोलली होती. मी हट्ट धरला असता तर बाजूला झाली असती. पण त्या बंदुकांसमोर उभं राहून राहून मी भ्याले होते. घरी आईच्या कुशीला मला गाढ झोप लागत होती. तिनं अडवलं तेव्हा मनातून मला बरंच वाटलं होतं.

आईला हे मी कधी सांगितलं नाही. मरेपर्यंत ती तो दोष स्वतःच्या माथी घेत राहिली, आणि मी घेऊ दिला.