बारा चित्रांचा तक्ता

फुगे, शाली आणि पाण्याच्या चिमुकल्या बाटल्या एकाच टेबलावर दिसल्या की मी अजून तोंड फिरवते. मोशीत औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं सेंटर आहे. ज्यांना चालता किंवा बोलता येत नाही अशी मुलं तिथे येतात. बोलण्याचं काम माझ्याकडे. म्हणजे ज्याला तोंडाने सांगता येत नाही, त्याला दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने सांगता यावं, हे बघायचं. पगार मला त्याचाच मिळतो.

महाळुंग्याहून एक सहा वर्षांची मुलगी यायची. जन्मताना मेंदूला इजा झालेली, पाय ताठ, शब्द एकही नाही. समज मात्र अशी की मी कंटाळले तर माझ्याआधी तिला कळायचं. घरचे मूळचे लातूरकडचे, वडील कंपनीत शिफ्टला. आई तिला कडेवर घेऊन दोन बस बदलून यायची. तिच्यासाठी मी बारा चित्रांचा तक्ता केला होता. पाणी, जेवण, शू, टीव्ही, पप्पा, बूट, असलं सगळं. तिने बोट ठेवायचं आणि आम्ही ओळखायचं. त्यात ‘नको’चंही चित्र घालणार होते. पण आई म्हणाली, आधीच लई जिद्दी हाय, तिला नको म्हणायचं शिकवू नका. मला पटलं नव्हतं, तरी मी मान डोलावली. खरं सांगायचं तर नको न म्हणणारं मूल मलाही सोयीचंच होतं. ‘थँक्यू’चं चित्र मात्र होतं, जोडलेल्या हातांचं. ते मी हौसेने रंगवलं होतं.

तिच्या पायांचं माप घेऊन प्लास्टिकचे स्प्लिंट करून घेतले. पावलं सरळ राहावीत म्हणून ते बुटाच्या आत घालतात. खर्च चाकणकडच्या एका कंपनीने दिला. स्प्लिंट आले आणि दोन महिने आमच्या कपाटात पडून राहिले. का, तर वाटप त्या कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या हस्ते व्हायचं होतं आणि साहेबांची तारीख मिळत नव्हती. खोकी चमकत्या कागदात गुंडाळलेली, वर रिबीन. साहेबांच्या डायरीत जागा होईपर्यंत मुलांचे पाय वाढायचे थांबत नाहीत, हे आमच्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. एकदा मी म्हणाले, आधी घालून बघू या का? आमच्या संचालकबाई म्हणाल्या, पॅकिंग फाटेल. मी खोकी परत कपाटात रचून ठेवली.

कार्यक्रम एका सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. साहेब दीड तास उशिरा आले. मुलीला स्टेजवर खुर्चीत बसवून स्प्लिंट चढवले, वर नवे बूट घातले आणि भाषणं सुरू झाली. तिने तक्त्यावर बोट ठेवलं. बूट. पुन्हा बूट. पुन्हा बूट. साहेबांनी कौतुकाने वाकून विचारलं, काय म्हणतेय? माइक माझ्यासमोर आला.

“नवे बूट खूप आवडलेत तिला,” मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. तिचं तोंड वाकडं झालं, डोळे वाहायला लागले, तर निवेदकाने आनंदाश्रू म्हणून तेही जाहीर करून टाकलं. मग कोणीतरी तिचं बोट धरून ‘थँक्यू’वर टेकवलं. कोणीतरी कशाला, मीच. फोटो नीट आला नाही म्हणून दोनदा.

सामोसे खाऊन पाहुणे गेल्यावर आईने बूट आणि स्प्लिंट काढले. मोजा घोट्याला चिकटला होता. पाणी लावून सोडवला, तर खाली रुपयाएवढं कातडं सोललेलं. सामोशाच्या तेलाचा वास आणि ते ओलं लाल मांस एकदमच अंगावर आलं. मला माझ्याच हातांची किळस वाटली. आई रडली नाही. तिने मोजा घडी करून पिशवीत टाकला.

“मॅडम, लेकरू सांगायलं होतं ना?”

मी मलमपट्टीचा डबा शोधायला उठले.

पुढच्या आठवड्यात मी तक्त्याला दोन चित्रं जोडली, ‘दुखतंय’ आणि ‘नको’. या वेळी आईने हरकत घेतली नाही. मुलीला ती दोन्ही समजावून दिली आणि मला जरा हलकं वाटलं. इतक्या स्वस्तात मी माझी लाज धुऊन टाकली. मग जखम भरतेय का बघायला मी तिचा पाय मांडीवर घेतला. तिने तक्ता ओढला आणि बोट ठेवलं. नको. कोणी न सांगता, अगदी बरोबर चित्रावर. मला इतका आनंद झाला की मी शाब्बास म्हणाले, आणि ‘झालंच हं बाळा, एकच मिनिट’ म्हणत पट्टी सोडत राहिले.

आईने माझं मनगट धरलं.

“नको म्हणायलीय ती, मॅडम.”