एस्तेरचं नाव कुठं लिहिलं

बेळगावच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एरडु केजी जास्ती." दोन किलो कमी करायचे म्हणजे एक जाडजूड पुस्तक काढायचं, आणि बॅगेत तशी दोन होती. एक माझ्या वडिलांनी, आप्पांनी दिलेलं टीपांचं बायबल. दुसरं मी हौसेनं घेतलेलं, बायबलात ज्यांना जागा मिळाली नाही त्या जुन्या शास्त्रांचं. आईच्या चटणीच्या डब्याला हात लावायची माझी छाती होईना.

आमच्यात घर सोडणाऱ्याला नवं बायबल देतात. पहिल्या कोऱ्या पानावर त्या घरातले जन्म, लग्नं, मरणं लिहायची. आप्पा निपाणीच्या आमच्या चर्चमध्ये जन्मभर वाचन करत आलेले. त्यांनी वर माझं नाव घालून खालचं पान मोकळं सोडलं होतं. मला मात्र वगळलेल्यांचं काय चुकलं होतं ते वाचायचं होतं. दारापाशी परत जाऊन मी बायबल त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, तिकडं दुसरं घेते. "ऱ्हाऊ दे गं," म्हणाले, पण तोंड एवढंसं झालं त्यांचं.

इथं इंग्लंडात लीड्सला म्हाताऱ्यांच्या केअर होममधल्या बारा-बारा तासांच्या शिफ्ट, आता लेकीला नर्सरीतून आणणं, मग लाँड्री. त्या पुस्तकाची वीस पानंसुद्धा वाचून झाली नाहीत, खरं सांगते. एवढा हट्ट कशाला केला होता देव जाणे! बायबलही घेतलं नाही. लेक झाली, एस्तेर, तेव्हा हाताशी तेच एक पुस्तक होतं. सवयीनं पहिल्या पानावर तिचं नाव लिहून मोकळी झाले.

"नाव लिवलंस न्हवं बायबलात?" आप्पांनी फोनवर विचारलं. "व्हय आप्पा," मी म्हणाले. मग चार वर्षं दर रविवारी त्यांचा फोन आला की कामाची घाई सांगून लवकर ठेवायची. तुम्ही गावाकडची माणसं म्हणता, मी फोनवर धड बोलत नाही. कामानं दमतेच मी, पण ह्या एका खोट्यानं लई दमले.

गेल्या रविवारी म्हणाले, "व्हिडिओवर पान दाव की, नातीचं नाव बघतो." आता काय करणार? "आप्पा, त्या दुसऱ्या पुस्तकात हाय. बायबल घेतलंच न्हाय मी."

आप्पांनी एवढंच विचारलं,

"शाईनं लिवलंस का पेन्सिलीनं?"

"शाईनं."

"मग खोडू नको. आन् खाली जागा ठेव. माझं बी लिवायचं हाय."

भोकाडच पसरलं मी. एस्तेर घाबरून बघत राहिली. घरी कधी येणार, विचारता ना? घर आता ह्या पानावर आलंय. आप्पांनी मागितलेली जागा तेवढी कोरीच राहू दे, देवाकडं आणखी काही मागायचं त्राण नाही.