मोतीलाल काकाजींची गिटार

मोतीलाल काकाजींचे कान जात होते आणि मी त्यांना तारा विकत होतो. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून सांगायला तोंड राहत नाही.

मोहाडीत माझं वाद्यांचं लहानसं दुकान आहे. तबल्याला शाई लावून मिळते, पेटीचा भाता बदलून मिळतो आणि फुकटचा सल्ला न मागता मिळतो. काकाजी आंधळगावचे विणकर. तरुणपणी त्यांनी एका रेल्वे गार्डाकडून जुनी गिटार घेतली, तिला आता पन्नास वर्षं होत आली. भजनात पेटीशेजारी गिटार घेऊन बसणारा दुसरा माणूस मी जिल्ह्यात पाहिलेला नाही. लोक हसत, काकाजी वाजवत. सुरात लावायची त्यांची रीतही और. मागावरचा ताणा बोटानं दाबून पाहावा तशी ते तार दाबत. कान लावत नसत, तरी सूर चुकत नसे.

गेल्या वर्षी त्यांना टीबी झाला, तोही नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. रोज एक इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "यानं कान जाऊ शकतात. ऐकण्यात जरा फरक वाटला तर त्याच दिवशी सांगा, औषध बदलू. गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचतं." हे काकाजींनीच मला हसत हसत सांगितलं. मी ऐकलं आणि विसरलो.

दुसऱ्याच महिन्यात ते गिटार घेऊन आले.

"हिचा आवाज बसला, भूषण. घोंगडीखाली ठेवल्यासारखी वाजून राहिली."

मी वाजवून पाहिली. मला ठीक वाटली. पण आजारी माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून फॉस्फर ब्रॉंझच्या नव्या तारा चढवल्या. नव्या तारांनी गिटार खुलतेच. काकाजी म्हणाले, "थोडीशी."

पंधरा दिवसांनी परत हजर. या वेळी पिवळ्या ब्रॉंझच्या दिल्या, त्या आणखी खणखणीत. मग तारा जिथं टेकतात त्या घोडीवरची प्लास्टिकची पट्टी काढून हाडाची बसवली. मग निव्वळ स्टीलच्या तारा. त्या छेडल्या तेव्हा माझेच दात आंबले. शेजारचा चहावाला टिकाराम म्हणाला, "भाऊ, हे गिटार होय का कानस?" काकाजी कपाळाला आठ्या घालून बसलेले. "अजून उजळ तार दे मले."

इथं कुणालाही शंका आली असती. मला आली नाही, कारण मीही मागांच्या घरात वाढलो. चार माग खटखटत असले की आमच्याकडे कुणी हळू बोलतच नाही. ओरडायचं, हातवारे करायचे, समोरच्याच्या ओठांकडे पाहायचं. काकाजी माझे ओठ पाहत, मी घसा फाडून बोले, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथं शहाणा होता कोण!

स्टीलच्या तारांचा ओढा जुन्या लाकडाला सोसेना, घोडी उचलली जाऊ लागल्याचा निरोप आला, म्हणून ती बसवायला एका सकाळी मी आंधळगावला गेलो. माग बंद होता. काकाजी ओसरीवर धाग्याचा गुंता सोडवत बसले होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर मोबाईलचा गजर टी-टी करत होता, गोळ्यांच्या वेळेचा. ते मान वर करेनात. त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, आतून येऊन तो बंद केला.

"रोज मलेच बंद करा लागते. याहिचं ध्यानच नसते."

तेव्हा कुठं मला शंका आली. गिटार घेऊन मी काकाजींच्या पाठीमागे गेलो आणि सगळ्यांत बारीक तार छेडली. मग जोरात छेडली. कौशल्याबाईंनी दचकून कानांवर हात ठेवले. काकाजी गुंता सोडवत राहिले. जाड तार छेडली तेव्हा मात्र लगेच वळले.

"काकाजी, दवाखान्यात कानाचं विचारतात का तुम्हाले?"

"दर हप्त्याले. मी सांगतो, कान बरे आहेत, गिटार बिघडली."

तसंच त्यांना मोटरसायकलवर बसवून भंडाऱ्याला नेलं. कान तपासले. इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं. उंच, बारीक आवाज गेले ते कायमचे. महिना-दीड महिन्यापूर्वी आले असते तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले. आता लेकीचा, कीर्तीचा, फोन आला की काकाजींना शब्द लागत नाहीत, नुसता घूं घूं ऐकू येतो.

 परतीच्या वाटेवर काकाजी मागून शांतपणे म्हणाले, "भूषण, मले वाटलं गिटारच गेली. पण तुले तं चांगलं ऐकू येत होतं ना? मंग कायले मले तारा देत राहिला?"

त्यांच्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ते खुशीत राहावेत असं मला वाटत होतं, हे खरं. पण त्यांनी विचारलेल्या गोष्टीचं ते उत्तर नव्हतं. मी गाडी चालवत राहिलो.